पितळेचं इंजिन आणि कसाऱ्याचा खेकडा

गेले सहा वीकेंड इथे शुकशुकाट होता. "ऑफिसात रिलीज होतं" हे माझं नेहमीचं कारण या वेळी खरं नाही. खरं कारण वीतभरापेक्षा थोडं लांब आहे, पितळेचं आहे आणि हे टाईप करताना माझ्या मॉनिटरच्या बाजूला उभं आहे.

माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो. तिथे शनिवार-रविवारी मोठ्या हॉलमध्ये जुन्या मॉडेल रेल्वेचा बाजार भरतो. लहानपणी आम्ही दोघं पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघायला गेलो होतो. १९९८ साली सुरू झालेलं हे संग्रहालय बघितलं नसेल तर जरूर बघा. एका माणसाच्या छंदातून उभं राहिलेलं अख्खं शहर आहे ते, सिग्नल, पूल, सर्कस सगळ्यासकट. तिथून मला निघवत नव्हतं आणि शेवटी बाबांनी अक्षरशः उचलून बाहेर नेलं होतं. भावाने ते लक्षात ठेवलं आणि या दिवाळीला येताना जुन्या बाजारातून एक इंजिन घेऊन आला. खोका नाही, मोटर चालत नाही, एका बाजूची पट्टी निखळलेली, आणि रंग... रंग नव्हताच. जुन्या समईसारखं काळपट पिवळं पितळ.

"दुरुस्त कर आणि रंगव. तू इंजिनियर आहेस ना?" तो म्हणाला. (सॉफ्टवेअर इंजिनियरला हा टोमणा घरोघरी ऐकावा लागतो. पंखा बंद पडला तरी हेच.)

इंजिन उलटं करून पाहिलं. टेंडरच्या, म्हणजे कोळसा-पाण्याच्या डब्याच्या पोटाखाली एकच शब्द होता: 'जपान'. म्हटलं, अमेरिकन इंजिनाच्या मॉडेलवर जपान कसं काय? तिथून जो शोध सुरू झाला तो शहापूर, मुरबाड आणि कसारा घाट फिरून परत माझ्या टेबलावर आला. आजचा लेख त्याबद्दल.

आधी थोडा इतिहास. वाफेच्या इंजिनांना त्यांच्या चाकांवरून नावं पडतात. माझं इंजिन २-८-२, म्हणजे पुढे दोन लहान चाकं, मध्ये आठ मोठी आणि मागे परत दोन. या मांडणीचं नाव 'मिकाडो'. १८९७ साली अमेरिकेतल्या बाल्डविन कारखान्याने जपानच्या निप्पॉन रेल्वेसाठी अशी इंजिनं बनवली. जपानच्या सम्राटाला मिकाडो म्हणत, म्हणून हे नाव. पुढे दुसऱ्या महायुद्धात जपान शत्रू झाला, तेव्हा शत्रूच्या सम्राटाचं नाव आपल्या इंजिनाला कसं चालेल? अमेरिकेत काही ठिकाणी त्याच इंजिनाला 'मॅकआर्थर' म्हणायला लागले. इंजिन तेच, चाकं तीच. नाव तेवढं बदललं, म्हणजे एका अर्थी रंगकामच!

गंमत पुढे आहे. युद्ध संपल्यावर हेच जनरल मॅकआर्थर हरलेल्या जपानचा कारभार बघायला टोकियोत बसले. त्यांच्याबरोबर हजारो अमेरिकन सैनिक होते, त्यांच्या खिशात डॉलर होते, आणि समोर बेचिराख झालेल्या देशात हाताला काम शोधणारे कुशल कारागीर होते. अमेरिकनांना रेल्वेच्या मॉडेलचं वेड. टोकियोतल्या गिन्झा भागात तेनशोदो नावाची घड्याळं आणि दागिन्यांची जुनी पेढी होती, तीही या धंद्यात उतरली. कात्सुमी नावाची कंपनी निघाली. १९५० च्या दशकापासून पॅसिफिक फास्ट मेलसारख्या अमेरिकन आयातदारांनी ऑर्डरी द्यायला सुरुवात केली: तिकडून नकाशे आणि फोटो यायचे, इकडून इंजिनं जायची.

पितळच का? याचं उत्तर हिशोबात आहे. प्लास्टिकच्या मॉडेलला पोलादी साचा लागतो, तो प्रचंड महाग असतो, आणि हजारो नग विकले तरच परवडतो. पितळेला तसं काही लागत नाही. पत्रा कापा, वाकवा, ठोकून त्यावर रिव्हेटचे ठिपके उठवा, घंटा-पंपासारखे बारीक भाग मेणाच्या नमुन्यावरून ओता (आपल्याकडे मूर्ती ओततात तसंच), आणि कथलाने जोडत जा. जोडकाम सगळं हाताने. म्हणजे भांडवल थोडं आणि मजुरी जास्त. ज्या देशात मजुरी स्वस्त आणि हात तयार, तिथे एखाद्या इंजिनाचे काहीशे नग बनवणंही परवडतं.

ओळखीचं वाटतंय का? :) स्पेसिफिकेशन अमेरिकेचं, काम आशियात, आणि खोक्यावर नाव आयातदाराचं. आपण रोज सकाळी एअरोलीला जाऊन काय वेगळं करतो!

पुढची गोष्टही आपल्याच धंद्यासारखी आहे. १९४९ पासून एका डॉलरला ३६० येन हा भाव बांधलेला होता. १९७१ मध्ये ते बंधन सुटलं. १९८५ च्या प्लाझा करारानंतर तर येन दोन-तीन वर्षांत जवळपास दुप्पट महाग झाला. जपानी हात परवडेनासे झाले आणि काम कोरियात गेलं. तिथे सामहोंग्सासारख्या कंपन्यांनी जपान्यांपेक्षाही बारीक काम केलं आणि कारखान्यातूनच रंगवून द्यायला लागले. त्यानंतर चीनमध्ये बनलेली, आवाज करणारी, तितकीच सुबक पण स्वस्त प्लास्टिकची इंजिनं आली आणि जुन्या बिनरंगी पितळेचे भाव उतरले. म्हणूनच तर ते माझ्या भावाच्या खिशाला परवडलं.

असो. आता दुरुस्ती.

माझं घर शहापूरला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शहापूरच्या नावाचं स्टेशन नाही, आसनगावला उतरायचं आणि रिक्षा करायची. आठवडाभर ठाण्याला भाड्याच्या खोलीत, शुक्रवारी रात्री कसारा लोकल पकडून घरी. पहिल्या शनिवारी इंजिन उघडलं. आतलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं. मोटर जुन्या पद्धतीची, उघडी, आणि तिच्यापासून चाकांच्या गिअरपर्यंत फिरकी नेणारी रबरी नळी दगडासारखी कडक होऊन तुटलेली. नवी ऑनलाईन मागवली तर पार्सलचा खर्च इंजिनाच्या निम्मा. रविवारी आईबरोबर मामाकडे मुरबाडला गेलो होतो, तेव्हा तुटका तुकडा मामाला दाखवला. त्याने तो दोन बोटांत फिरवला आणि म्हणाला, "अरे, ही तर सायकलच्या वॉल्व्हची नळी!" बाजारपेठेतल्या सायकलवाल्याकडे गेलो. जुन्या पद्धतीच्या वॉल्व्हची नळी त्याने बरणीतून काढून दिली, हातभर, दहा रुपये. सोमवारी ठाण्याच्या खोलीत बसवली आणि तारा लावल्या. चाकं फिरली! रात्रीचे दीड वाजले होते आणि मी एकटाच टाळ्या वाजवत होतो.

मग एक बग निघाला. इंजिन सरळ रुळावर छान पळायचं, उजव्या वळणावरही पळायचं, डाव्या वळणावर मात्र बंद. रीस्टार्ट करा, परत तेच. जुन्या पितळी इंजिनांत वीज एका रुळावरून इंजिनाच्या चाकांतून येते आणि दुसऱ्या रुळावरून टेंडरच्या चाकांतून. म्हणजे इंजिनाचं अंग एक तार आणि टेंडरचं अंग दुसरी. डाव्या वळणावर दोघांचे पत्रे एकमेकांना किंचित घासत होते आणि शॉर्टसर्किट होत होतं. उपाय काय, तर तिथे सेलोटेपचा तुकडा. दोन रात्री शोधाशोध आणि एका ओळीचा फिक्स. डेव्हलपर मंडळींना वेगळं सांगायला नको.

राहिली निखळलेली पट्टी. बॉयलरच्या बाजूने माणसाला चालायला असते ती. मी माझी सोल्डरिंगची कांडी लावली तर पितळाने सगळी उष्णता पिऊन टाकली, कथील वितळेचना. मोठी ज्योत लावावी तर शेजारचे जोड सुटण्याची भीती, कारण हे कथील १८३ अंशाला पाणी होतं. शेवटी गावातल्या सोनाराकडे गेलो. साठीचे आहेत. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, भिंग लावलं आणि बराच वेळ नुसतं बघत राहिले. मग शेजारच्या जोडांवर ओल्या फडक्याच्या चिंध्या बसवल्या, फुंकणीने सुईसारखी ज्योत काढली आणि मिनिटाभरात पट्टी झाळून दिली. एकही जोड हलला नाही. दीडशे रुपये घेतले.

परत देताना त्यांनी विचारलं, "हे कोणी केलंय?"

मी म्हटलं, "जपानी कंपनी आहे, साधारण साठ वर्षांपूर्वीचं..."

"कंपनी नाही हो. हात कोणाचा? ही बघा, घंटेची दोरी. केसाएवढी तार आहे, आणि जोडाचा ठिपका बाहेर दिसत नाही. चांगला हात होता."

मला उत्तर देता आलं नाही. संग्राहकांच्या जगात कोणत्या आयातदाराने कोणत्या साली कोणतं इंजिन किती नगांत आणलं याच्या जाड याद्या आहेत. कंपन्यांची नावं आहेत. पण घंटेची दोरी कोणी जोडली? इंजिनावर कुठेच नाव नव्हतं.

खरं सांगायचं तर तेव्हा मी हा प्रश्न तिथेच सोडला, कारण माझं सगळं लक्ष रंगाकडे होतं.

पितळ रंगवायचं तर आधी त्यावरचं जुनं लाखेसारखं पारदर्शक व्हार्निश थिनरने काढावं लागतं, मग व्हिनेगरमध्ये धुवायचं, पुन्हा हात न लावता वाळवायचं, मग पितळाला चावून धरणारा प्रायमर, आणि त्यावर एअरब्रशने रंगाचे पातळ थर. घाईने एकच जाड थर दिला की रिव्हेट बुडतात, आणि ज्या ठिपक्यांसाठी पितळ घ्यायचं ते ठिपकेच गेले तर काय उरलं? रंग भाजून पक्का करायला ओव्हन लागतो. आईने तिच्या ओव्हनला हात लावू दिला नाही (बरोबरच आहे), म्हणून टेबललॅम्पखाली दोन दिवस ठेवलं.

रंग कोणता द्यायचा? अमेरिकेतल्या कुठल्या कंपनीचा द्यायचा, मला काय माहीत! बिनरंगी विकायची पद्धत यासाठीच होती: तिकडे रेल्वे कंपन्या पुष्कळ, ज्याने त्याने आपल्या आवडत्या कंपनीचं नाव घालावं. मग मी का नाही? आपल्याकडेही २-८-२ होतीच की. डब्ल्यूजी! ब्रॉडगेजवरच्या मालगाड्यांचं इंजिन, १९५० ते १९७० या काळात २,४५० बनली. चित्तरंजनच्या कारखान्यातून बाहेर पडलेलं पहिलं इंजिन 'देशबंधू' हेही डब्ल्यूजीच. ठरलं. काळा रंग, टेंडरवर 'म. रे.', आणि मागे लॅपटॉपवर कसारा घाटाचा फोटो लावून झकास छायाचित्र काढायचं. अमेरिकन इंजिनावरची पितळी घंटा आपल्याकडे शोभेना, म्हणून ती सोनारांकडून सोडवून घेतली. सोडवताना ते काही बोलले नाहीत. घंटा मी एका डबीत ठेवली.

काम मात्र सुरेख झालं, स्वतःच सांगतो. त्या रविवारी ते घेऊन मी नानांकडे गेलो.

नाना म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. वय ८३. १९६२ साली रेल्वेत लागले आणि नोकरीची बरीच वर्षं कसाऱ्याला बँकर इंजिनांवर होते. बँकर म्हणजे काय ते मुंबई-नाशिक प्रवास केलेल्यांना माहीत असेल. कसाऱ्याला गाडी थांबते, मागून धक्का बसतो, आणि चहावाला "बँकर लागला" म्हणतो. घाट चढायला एक इंजिन पुरत नाही, म्हणून मागून जादा इंजिनं ढकलतात. ढकलणाऱ्या इंजिनावर आमचे नाना.

त्यांनी मॉडेल हातात घेतलं, खिडकीकडे धरलं.

"कुठलं रे हे?"

"कसारा घाट, नाना. मध्य रेल्वे. तुमच्या वेळचं."

"घाटात कोळशाचं इंजिन? माझ्या वेळी?" ते हसायला लागले. "बाळा, माझ्या वेळी घाटात वीज होती. कोळशाचं इंजिन पुढे इगतपुरीला लागायचं. घाटात वाफ होती ती माझ्या वडिलांच्या लहानपणी."

मी गपकन बसलो. इंजिनियर म्हणून मिरवतो, दर आठवड्याला त्याच मार्गाने घरी येतो, आणि ही साधी गोष्ट तपासली नाही. घरी येऊन वाचायला बसलो आणि नानांचं अक्षर अन् अक्षर खरं निघालं.

आपल्या तालुक्यातला लोहमार्ग पाहा. ठाण्याला पहिली गाडी गेली १८५३ मध्ये. वासिंदला रूळ पोचले १८५५ मध्ये. कसाऱ्याला १ जानेवारी १८६१ रोजी. आणि कसाऱ्याहून पुढे इगतपुरीपर्यंत, म्हणजे जेमतेम १५ किलोमीटर जायला लागली आणखी चार वर्षं: १ जानेवारी १८६५. तो १५ किलोमीटरचा तुकडा म्हणजे थळ घाट. चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. तुमच्या गाडीला हे काहीच नाही, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरतं, त्याला हा चढ म्हणजे भिंत. बोगदे, दऱ्यांवरचे पूल, आणि सगळं पहार-घण-सुरुंगाच्या दारूने. जीआयपी रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली. त्यांचं नाव प्रत्येक पुस्तकात सापडतं. त्याच काळात चाललेल्या भोर घाटाच्या कामावर एका वेळी ४०,००० हून जास्त मजूर होते आणि पटकीने माणसं पटापट मरत. त्या मजुरांपैकी एकाचं नाव सांगा बघू?

पुढे १९२५ च्या ३ फेब्रुवारीला मुंबईच्या व्हीटीहून कुर्ल्याला देशातली पहिली विजेची गाडी निघाली. हिरवा कंदील दाखवायला मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन. १९३० पर्यंत विजेच्या तारा घाट चढून इगतपुरीला पोचल्या आणि घाटात ओढण्या-ढकलण्याचं काम विजेच्या इंजिनांकडे गेलं. त्यासाठी खास इंजिनं आली होती: सुरुवातीला ईएफ-१, पुढे नाव डब्ल्यूसीजी-१. रचना स्वित्झर्लंडची. पहिली १० तिथेच बनली, उरलेली ३१ इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत. १५०० व्होल्ट डीसी, २,६०० अश्वशक्ती. दोन्ही बाजूंना लांब नाक, मध्ये चालकाची खोली, आणि वाफेच्या इंजिनासारखे चाकांना जोडणारे बाहेरचे दांडे. स्वित्झर्लंडमधल्या त्यांच्या चुलत भावांना जग 'मगर' म्हणून ओळखतं.

आपल्याकडे मगर म्हणाले नाहीत. "खेकडा," नाना म्हणाले, आणि म्हणताना त्यांचे दोन्ही हात आपोआप पंज्यांसारखे झाले. "चालायला लागला की अंग असं डोलवायचा. आणि उभा असला की आतून कण्हायचा, रात्री तर असं वाटायचं की कुणी माणूस आजारी आहे. पावसाळ्यात घाटात धुकं. पुढचं इंजिन दिसत नाही, सिग्नल दिसत नाही. पुढचा ड्रायव्हर शिट्टी द्यायचा, त्या शिट्टीवर आम्ही जोर लावायचा की सोडायचा ते ठरवायचं. शिट्टी चुकली ऐकायला तर खलास."

खेकडे १९९० च्या दशकात निवृत्त झाले. त्यातला एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ठेवलेला आहे, १९२८ चा. त्याचं नाव काय माहिताय? 'सर लेस्ली विल्सन'.

म्हणजे बघा. इंजिनावर नाव गव्हर्नरचं. मॉडेलच्या खोक्यावर नाव आयातदाराचं. धुक्यात शिट्टी ऐकणाऱ्याचं कुठे नाही, घंटेची दोरी जोडणाऱ्याचंही नाही. आणि मी? मी त्यावर 'म. रे.' लिहून घाटाचा खोटा इतिहास तयार करत होतो, फोटो छान येईल म्हणून. आणखी पन्नास वर्षांनी कुणाच्या हातात हे मॉडेल पडलं असतं तर तो म्हणाला असता, अरे वा, घाटात वाफेचं इंजिन होतं वाटतं! शिवाय मापही खोटं. या १:८७ च्या मॉडेलचे रूळ साडेसोळा मिलिमीटर अंतराचे, म्हणजे अमेरिकन गेज. आपलं ब्रॉडगेज याच प्रमाणात सव्वाएकोणीस मिलिमीटर होईल. रंगाने गेज बदलत नाही.

या विचारात असताना मला नाणेघाट आठवला. मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याने वैशाखऱ्याला उतरून आम्ही दर पावसाळ्यात तो चढतो, मामाचं घर हा आमचा बेसकॅम्प. मुरबाडला रेल्वे अजून पोचलेली नाही. घोषणा मात्र मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. पण दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याहून जुन्नरकडे जाणारा माल याच वाटेने चढायचा. वर गुंफेत सातवाहनांचा शिलालेख आहे, राणी नागनिकेच्या काळातला. भिंतीवर राजघराण्यातल्या लोकांच्या पूर्ण आकाराच्या मूर्ती होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर नाव कोरलेलं. मूर्ती आता गेल्या, फार तर पावलांच्या खुणा दिसतात. नावं आहेत.

माझ्या टेबलावर बरोबर उलटं झालंय. एकेक रिव्हेट शाबूत, नाव मात्र नाही. आणि नाणेघाटाच्या मूर्ती घडवणाऱ्यांची नावं? ती दोन हजार वर्षांपूर्वीही कुणी कोरली नव्हती.

मग मी काय केलं? पहिला विचार आला की सगळा रंग काढून पुन्हा पितळ करावं. पण 'मूळ' म्हणजे नक्की काय? बिनरंगी पितळ ही तरी मूळ अवस्था कुठे होती, ते तर रंगवण्यासाठीच विकलेलं. शेवटी 'म. रे.' आणि खोटा नंबर तेवढा काढला. काळा रंग राहू दिला, तो कुठल्याच देशाचा नाही. डबीतली घंटा घेऊन सोनारांकडे गेलो आणि परत बसवायला सांगितली. या वेळी ते बोलले: "मला वाटलंच होतं." पैसे घेतले नाहीत, चहा मात्र मला पाजायला लावला.

आणि एक कागद लिहिला. आपण सॉफ्टवेअरवाले दुसरं काही शिकलो नसलो तरी चेंजलॉग लिहायला शिकलोय: काय बदललं, कधी, कोणी, का. तसाच साध्या मराठीत, इंजिनाच्या नव्या खोक्यात ठेवण्यासाठी. मूळ बनावट जपान, कारागीर अज्ञात, हात चांगला (हे मत सोनारांचं, त्यांच्या नावासकट). रबरी नळी मुरबाडच्या सायकलच्या दुकानातली, शोध मामाचा. शॉर्टसर्किटवर सेलोटेप, माझी. घंटा काढली ती चूक माझी, परत बसवली त्याची तारीख. घाटाचं खोटं नाव दिलं होतं, ते कोणी पकडलं त्याचं नाव आणि त्यांची नोकरी. जे उलट फिरवता येईल तेच करावं, आणि जे केलं ते लिहून ठेवावं, एवढा एकच नियम या सहा वीकेंडमध्ये शिकलो. तुमच्या घरात आजोबांचं घड्याळ, आजीचं पितळेचं तपेलं, बंद पडलेला रेडिओ असं काही असेल आणि तुम्ही ते दुरुस्त केलं असेल, तर असा कागद नक्की लिहा. पाच मिनिटं लागतात.

नानांच्या बाबतीत मात्र पाच मिनिटं पुरणार नाहीत. गेल्या रविवारी मोबाईलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायला सुरुवात केली. कान गेलेत, त्यामुळे मला ओरडून विचारावं लागतं आणि अर्धी गल्ली ऐकते. कुठल्या शिट्टीचा अर्थ काय, कसाऱ्याच्या खोलीत जेवण कोण बनवायचं, पावसात दरड आली ती रात्र. मध्येच ते थांबतात, एखाद्या जोडीदाराचं नाव आठवत नाही म्हणून. मी घाई करत नाही. पण मॉडेलचं काय, ते आणखी साठ वर्षं थांबेल, नाना ८३ चे आहेत हे मला कळतंय. आतापर्यंत बँकरवरच्या अकरा माणसांची नावं झाली आहेत. नानांच्या मते निदान चाळीस तरी होतील.

त्यांना खेकड्याचं मॉडेल हवंय, हेही त्यांनी सांगून टाकलंय. "तुझं ते जपान्याचं छान आहे, पण आमचं कर एखादं." जुने फोटो काळे-पांढरे, त्यामुळे रंग कोणता असं विचारलं, तर नाना म्हणाले, "रंग कसला विचारतोस, वरून खालपर्यंत ग्रीस आणि धूळ." तोच देईन म्हणतो. पितळेचा पत्रा आणलाय, सोनार मदतीला तयार आहेत, पहिलं नाक कापताना दोनदा वाकडं झालंय.

तर पुढचे काही वीकेंड इथे पुन्हा शुकशुकाट असला तर समजून घ्या. भेटूच!